साठ ग्रॅम

शीतगृहात माझं काम वजनाचं.
तासगावकडून आलेला बेदाणा, पंधरा किलोची पेटी,
आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, वहीत लिहायचं.
नमुन्याच्या छोट्या काट्यावर
नोव्हेंबरात पहिल्यांदा मी माझं खाणं मोजलं:
पंचाहत्तर ग्रॅम बेदाणा म्हणजे साठ ग्रॅम साखर,
साठ ग्रॅम साखर म्हणजे सायकलवरचा एक तास.

शिकलगार सर म्हणाले,
"शरीर म्हंजे हरिपूरचं पेव हाय, वृषाली.
आदल्या दिवशी भरायचं, तोंड लिंपायचं,
मग लागंल तसं काढायचं."
जरा थांबून, "पाणी मात्र बेतानं.
पुरात हळदीचं काय झालं, बघितलंस न्हवं?"

डिसेंबरात मी ऐकलं नाही.
नोंदणीच्या पिशवीत एक चकचकीत पुडी होती,
लिचीच्या वासाची, फुकटची.
बाराव्या किलोमीटरला फोडली,
एकोणिसाव्याला उसाच्या बांधावर ओणवी झाले.
तोडणीवरच्या एका बाईनं कोयता खाली ठेवला,
पाठीवरून हात फिरवत विचारलं,
"कितवा म्हैना?"

जानेवारीत मीठ विसरले.
स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बांधून ठेवलेली पुडी.
धावण्याच्या सातव्या किलोमीटरला
पोटरीत कुणी कणीक तिंबायला घेतली.
विजेच्या खांबाला धरून मी उभी,
तेजल चौगुले शेजारून गेली,
मागं वळून बघितलंन तिनं.
न बघता गेली असती तर बरं झालं असतं.

पण खरं जड गेलं ते वेगळंच.
सर म्हणायचे, भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झाला.
आणि मी सतरा वर्षं
शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत उभी राहिलेली,
उरलेली आमटी कढईतच कालवून खाणारी.
भुकेला "थांब गं" म्हणणं मला येतं,
त्यात मी पट्टीची आहे.
मनगटावर घड्याळ थरथरलं की खा,
हे येत नव्हतं.

शिकले. दर वीस मिनिटांनी
पंचवीस ग्रॅम, चाळीसएक दाणे,
बारीक माल असला तर पन्नास.
मिरजेच्या सिग्नलला गाल फुगवून चावत राहायचे,
रिक्षावाले बघायचे.
दंडोबाच्या चढावर चावता येत नाही,
तिथं चढाच्या आधीच खायचं.
हे कुठल्या तक्त्यात नव्हतं,
हे ठसका लागल्यावर कळलं.

फेब्रुवारी. शिराळ्याकडचं धरण.
साडेतीनला उठले तर जाऊबाईंनी कुकर लावलेला.
मऊ भात, वरून मीठ, तूप नाही.
ताट माझ्यासमोर सरकवलं
आणि त्या उभ्या राहिल्या, तव्यापाशी नाही, दाराला टेकून.
दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

पाणी गार होतं, निळं नव्हतं.
दीड किलोमीटर मी फक्त उजव्या बाजूनं श्वास घेतला.
मग चाळीस किलोमीटर, घड्याळ, दाणे, घड्याळ.
धावण्याच्या आठव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी
मी चक्क थांबले.
पळता पळता प्यायलं की मला खोकला येतो.
दोन पेले, उभ्यानं, शांतपणे.
त्या पोरानं विचारलं, "ताई, दमलाय काय?"
म्हटलं, नाही. पाणी पितेय.

चौथी आले.
तिसरीपेक्षा अकरा सेकंद मागं.
सरांनी कागदावर दोनदा बोट ठेवलं,
एकदा त्या अकरावर, एकदा माझ्याकडं बघत.
"टेबलापाशी किती वेळ गेला?"
तितकाच, सर.
ते काही म्हणाले नाहीत. मीही नाही.

परतीच्या गाडीत मनवानं माझ्या बनियनच्या
पाठीमागच्या खिशात हात घातला,
तळाला चिकटलेले सात-आठ दाणे उकरून काढले,
तोंडात टाकले.
"आई, हे खारट लागतात."
मीठ घातलंय, मी म्हणाले,
आणि खिडकीची काच खाली केली.